हाताच्या दाबाने गाडी उचलणारा सुतार

जमिनीपासून जेमतेम चार-पाच इंच उंचीची स्पोर्ट्‌स कार घरी आणणाऱ्याला पहिले काही दिवस चिंता असते ती गतिरोधकांची. जॅकची आठवण होते ती पहिले चाक काढायची वेळ आल्यावर. ओळखीच्या गॅरेजमधून आणलेला ट्रॉली जॅक गाडीच्या पोटाखाली शिरतच नाही, त्याचे डोके बंपरलाच अडते. मग कोणी विटा आणतो, कोणी फळ्या, कोणी चौघांना बोलावून गाडी हाताने उचलू पाहतो. यातूनच अपघात होतात. म्हणून जॅक विकत घेण्यापूर्वी तो मुळात काम कसे करतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे आणि त्यासाठी सव्वादोनशे वर्षे मागे, लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावरील एका कारखान्यात जावे लागते. या कारखान्याचा मालक होता जोसेफ ब्रामा. नावाच्या उच्चारावरून ब्रह्मदेवाची आठवण व्हावी, असा हा माणूस प्रत्यक्षात यॉर्कशायरमधील एका शेतकऱ्याचा मुलगा आणि व्यवसायाने सुतार होता.

ब्रामाचा जन्म १७४८ मधला. इंग्लंडच्या उत्तर भागातील बार्न्सली गावाजवळ स्टेनबरो येथे त्याचे वडील शेती करीत. पाच भावंडांत हा दुसरा मुलगा. सिल्कस्टोनच्या गावशाळेत जुजबी शिक्षण झाल्यावर त्यानेही नांगरच धरला असता. पण सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या घोट्याला दुखापत झाली आणि पाय कायमचा अधू झाला. शेतीच्या कष्टांना निरुपयोगी ठरलेल्या या मुलाला वडिलांनी गावातल्या सुताराकडे उमेदवारीला ठेवले. लाकडात त्याचा हात चांगला चालत असे. फावल्या वेळात तो तंतुवाद्ये बनवून विकत असल्याचेही त्याच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. उमेदवारी संपताच त्याने लंडनची वाट धरली. अधू पायाने, आणि बहुतांशी पायीच!

लंडनमध्ये सुतारकाम करीत असताना त्याच्या वाट्याला आले ते श्रीमंतांच्या घरी फ्लशचे संडास बसवण्याचे काम. अलेक्झांडर कमिंग याने १७७५ मध्ये अशा संडासाचे पेटंट घेतले होते. परंतु कडाक्याच्या थंडीत पाणी गोठून त्याची सरकती झडप अडकून बसे. ब्रामाने त्या जागी बिजागरीवर उघडणारी झडप बसवली आणि १७७८ मध्ये स्वतःचे पेटंट घेतले. हा धंदा उत्तम चालला. पाणी, झडप आणि गळती या तीन गोष्टींशी त्याची जी गाठ इथे पडली, ती पुढे आयुष्यभर सुटली नाही. जॅकच्या दृष्टीनेही याच तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. फरक इतकाच, की आता पाण्याची जागा तेलाने घेतली आहे.

ब्रामाला कीर्ती मिळवून दिली ती मात्र कुलपाने. १७८४ मध्ये त्याने पेटंट घेतलेले कूलूप त्या काळातील इतर कुलपांहून सर्वस्वी निराळे होते. त्याची किल्ली लहानशा नळीसारखी असे आणि नळीच्या टोकाला कमी-अधिक खोलीच्या खाचा असत. कुलपातील प्रत्येक पट्टी नेमक्या तितकीच आत ढकलली गेली तरच ते उघडे. १७९० पासून पिकॅडिलीतील दुकानाच्या खिडकीत असे एक कूलूप टांगलेले होते आणि ते किल्लीशिवाय उघडणाऱ्यास दोनशे गिनींचे बक्षीस जाहीर झाले होते. त्या कुलपात अशा अठरा पट्ट्या होत्या. ब्रामाच्या हयातीत ते कोणालाही उघडता आले नाही.

कुलपाचे तत्त्व सुबक होते, पण असे कूलूप घडवणे महाकठीण. पट्ट्या केसभर इकडेतिकडे झाल्या, तरी सगळे व्यर्थ. हाताने कानस चालवून एकसारखे शेकडो भाग करायचे, तर किंमत आवाक्याबाहेर जाई. ही अडचण सोडवणारा तरुण ब्रामाला मिळाला तो १७८९ मध्ये, वूलिचच्या सरकारी शस्त्रागारात. त्याचे नाव हेन्री मॉडस्ली, वय अवघे अठरा! एवढ्या पोराला कामावर घ्यायचे की नाही, याविषयी ब्रामा साशंक होता. तेव्हा मॉडस्लीने कारखान्यातील एक झिजलेला शेगडा संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून दाखवला आणि नोकरी मिळवली, अशी कथा सांगितली जाते. या दोघांनी मिळून कुलपाचे भाग तयार करणारी यंत्रे बनवली. यंत्रे बनवण्यासाठी यंत्रे हा जो आधुनिक कारखानदारीचा पाया, त्याच्या पहिल्या काही विटा याच कारखान्यात रचल्या गेल्या.

पास्कलचा कागद आणि चामड्याची कडी

आता मुख्य गोष्टीकडे वळू. ब्लेझ पास्कल हा फ्रेंच तत्त्वज्ञ व गणिती १६६२ मध्ये वारला. द्रवांच्या समतोलाविषयीचा त्याचा प्रबंध पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो, हे त्याने त्यात मांडले होते. एका भांड्याला दोन तोंडे असतील आणि मोठे तोंड लहान तोंडाच्या शंभरपट असेल, तर लहान तोंडावरील एका माणसाचा जोर मोठ्या तोंडावरील शंभर माणसांना पुरून उरेल, हेही त्याने लिहून ठेवले होते. शाळेत हा नियम आपण सर्वांनीच पाठ केला आहे. पण त्यावर चालणारे कामाचे यंत्र पास्कलनंतर सव्वाशेहून अधिक वर्षे कोणी उभे करू शकले नाही.

कारण साधे होते. दाब वाढवला की पाणी दट्ट्या आणि नळकांडे यांच्यातील फटीतून बाहेर येई. फट बुजवण्यासाठी भोवती काथ्या किंवा चामडे घट्ट आवळून बसवावे, तर दट्ट्याच अडकून बसे. सैल ठेवावे तर पाणी गळे, घट्ट करावे तर हलेना! १७९५ मध्ये ब्रामाने द्रवदाब यंत्राचे पेटंट घेतले तेव्हा तत्त्वाविषयी त्याला शंका नव्हती. अडले होते ते या फटीपाशी.

त्यावरचा तोडगा मॉडस्लीच्या नावावर नोंदला जातो. त्याने चामड्याची अशी कडी बसवली, की तिची पोकळ बाजू पाण्याकडे राहावी. दाब वाढला की पाणी त्या पोकळीत शिरते, चामड्याचा ओठ फुगवते आणि तो नळकांड्याला चिकटतो. जितका दाब अधिक, तितकी फट अधिक बंद. दाब काढला की ओठ सैल होतो आणि दट्ट्या सुखाने मागे येतो. ज्यांच्या घरी पूर्वी रॉकेलचा स्टोव्ह होता, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. स्टोव्हच्या पंपातील वाटीसारखा चामड्याचा वायसर हा त्याच कुळातला. तो सुकला की पंप मारून मारून हात दुखे आणि स्टोव्ह काही पेटत नसे. मग त्याला तेल लावून, बोटाने त्याच्या कडा फाकवून तो परत बसवायचा. आजच्या जॅकमध्ये चामड्याऐवजी कृत्रिम रबराची कडी असते, तिला बाजारात ऑइल सील म्हणतात. काम मात्र तेच.

ही कडी किती भार सोसते, याचा एक साधा हिशेब करून पाहू. समजा, एका स्पोर्ट्‌स कारचे वजन १४०० किलो आहे. तिची एक बाजू उचलायची तर साधारण निम्मे, म्हणजे ७०० किलो जॅकवर येतील. ट्रॉली जॅकमध्ये तेलाने ढकललेला मोठा दट्ट्या थेट गाडीला लागत नाही. तो आडवा असतो आणि एका वाकड्या भुजेला ढकलतो. भुजेच्या टोकावरची बशी वर जाते. या भुजेमुळे दट्ट्यावर चौपट भार येतो असे धरले, तर तो २८०० किलो होतो. मोठ्या दट्ट्याचा व्यास ४ सेंटीमीटर असेल, तर तेलातील दाब दर चौरस सेंटीमीटरला २२० किलोच्या घरात जातो. गाडीच्या टायरमधल्या हवेच्या सुमारे शंभरपट! लहान दट्ट्याचा व्यास १ सेंटीमीटर आणि दांड्याचा लाभ वीसपट मानला, तर एवढ्या भारासाठी दांड्यावर जोर लावावा लागतो तो फक्त नऊ किलोंच्या आसपास. घर्षणामुळे प्रत्यक्षात थोडा अधिक. आता त्याची किंमत पाहा. दांड्याचे टोक ६० सेंटीमीटर खाली आणावे, तेव्हा गाडी वर जाते ती केवळ सातआठ मिलिमीटर. म्हणून तर जॅक मारताना चाळीस-पन्नास वेळा हात खाली-वर करावा लागतो. फुकट काहीच मिळत नाही, मिळते ती सवलत.

एका हाताने हलणारा हा भार पाहून माणसाचा जॅकवर विश्वास बसतो आणि तो गाडीखाली सरकतो. त्याच्या छातीवरची गाडी त्या वेळी बोटभर जाडीच्या रबरी कडीने आणि वाटाण्याएवढ्या एका पोलादी गोळीने तोललेली असते. दांडा वर घेताना तेल मागे फिरू नये म्हणून झडपेत बसवलेली ती गोळी. तिच्याखाली लोखंडाचा एक कीस अडकला, तरी तेल मागे सरकते आणि गाडी खाली येऊ लागते.

ब्रामाच्या यंत्राचा प्रसार झपाट्याने झाला. कापसाच्या, लोकरीच्या गाठी दाबणे, तेलबियांतून तेल काढणे, कागद आणि कापड दाबणे, साखळदंडांची कसोटी घेणे, अशा कितीतरी कामांसाठी ते वापरले गेले. विदर्भ आणि खानदेशातील जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांत रुईच्या गाठी बांधणारी द्रवदाब यंत्रे ही याच घराण्यातली.

मात्र ज्या मॉडस्लीने कारखान्याला इतके दिले, तो फार काळ तिथे राहिला नाही. तो एव्हाना कारखान्याचा प्रमुख कारागीर झाला होता आणि त्याला आठवड्याला तीस शिलिंग मिळत. घरात पत्नी होती, मुले होती. त्याने वाढ मागितली. ब्रामाने ती नाकारली. १७९७ मध्ये मॉडस्लीने नोकरी सोडून ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळ स्वतःचे दुकान थाटले आणि पुढे यंत्रनिर्मितीत मालकापेक्षाही मोठे नाव कमावले. ब्रामाच्या चरित्रातला हा प्रसंग वाचताना त्याची बाजू घेणे कठीण जाते. शोधक म्हणून तो थोर असेल, पण आपल्या सर्वोत्तम कारागिराचे मोल त्याला करता आले नाही, हे खरेच. योगायोग असा, की त्याच वर्षी जेम्स वॉट यांच्या वाफेच्या इंजिनाच्या पेटंटविरुद्ध त्याने न्यायाधीशांना उद्देशून सविस्तर पत्र प्रसिद्ध केले होते. इतरांनी आपल्या शोधांवर किती हक्क सांगावा, याविषयी त्याची मते ठाम होती!

त्याची बुद्धी स्वस्थ बसणारी नव्हती, हे मात्र मान्य करायला हवे. तळघरातील पिंपातून बिअर वर ओढणारा पंप (१७९७), लाकूड रंधण्याचे प्रचंड यंत्र (१८०२), बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांवर क्रमांक छापणारे यंत्र (१८०६), पिसाची लेखणी कापून तिची अनेक टोके करण्याची युक्ती (१८०९). १८१२ मध्ये तर त्याने रस्त्याखालून नळ टाकून दाबाखालचे पाणी घरोघर, गोदामोगोदामी पोहोचवण्याची आणि त्यावर यंत्रे चालवण्याची कल्पना मांडली. त्याच्या नावावर एकूण अठरा पेटंटे आहेत.

त्याचा मृत्यूही द्रवदाब यंत्राच्या सान्निध्यातच ओढवला. हँपशायरमधील होल्ट येथील जंगलात मोठाली झाडे मुळासकट उपटण्यासाठी त्याचे यंत्र लावले होते. त्या कामावर स्वतः देखरेख करीत असताना त्याला थंडी बाधली, आजार छातीत उतरला आणि ९ डिसेंबर १८१४ रोजी त्याचे निधन झाले. वय ६६. लंडनमधील पॅडिंग्टनच्या सेंट मेरी चर्चच्या आवारात त्याचे दफन झाले.

मेनाईच्या सामुद्रधुनीवरचा धडा

ब्रामा गेल्यानंतर पस्तीस वर्षांनी त्याच्या यंत्राची जी परीक्षा झाली, ती जॅक वापरणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. वेल्स आणि अँगलसी बेट यांच्यामधील मेनाई सामुद्रधुनीवर रॉबर्ट स्टीफनसन रेल्वेचा ब्रिटानिया पूल बांधत होता. लोखंडी पत्र्यांच्या प्रचंड चौकोनी नळ्या काठावर तयार करायच्या, तराफ्यांवरून पाण्यात आणायच्या आणि दगडी मनोऱ्यांमध्ये सुमारे शंभर फूट वर उचलायच्या, अशी योजना होती. एकेका नळीची लांबी साडेचारशे फुटांहून अधिक आणि वजन दीड हजार टनांच्या पुढे. उचलण्यासाठी मनोऱ्यांच्या माथ्यावर ब्रामाच्या पद्धतीची यंत्रे बसवली होती. एका खेपेत नळी सहा फूट वर येई.

नळी एकदा झपाट्याने वर घ्यावी आणि मग तिच्याखाली बांधकाम करावे, म्हणजे वेळ वाचेल, असे काहींना वाटत होते. स्टीफनसनने ते मानले नाही. नळी जसजशी वर जाईल तसतसे तिच्या टोकांखाली विटांचे बांधकाम चढवायचे आणि उरलेल्या फटीत लाकडी फळ्या सारत राहायच्या, असा त्याचा सक्त आदेश होता. १७ ऑगस्ट १८४९ रोजी उचलण्याचे काम चालू असताना एका यंत्राच्या ओतीव लोखंडी नळकांड्याचा तळ फुटला. दीड हजार टनांची नळी सुटली आणि खाली आली ती केवळ काही इंच. कारण खाली फळ्या होत्या. तेवढ्यानेही बरेच नुकसान झाले. फळ्या नसत्या, तर नळी समुद्रात गेली असती आणि पुलाचे कामही तिच्याबरोबर बुडाले असते. नवे नळकांडे ओतून काम पुन्हा सुरू झाले आणि मार्च १८५० मध्ये पूल खुला झाला.

स्टीफनसनच्या त्या विटा-फळ्यांचे काम आज जॅक स्टँड करतात. जॅकच्या किमतीचा विचार करताना दोन चांगल्या स्टँडची किंमत त्यात धरलीच पाहिजे. दोन्हींना मिळून पैसे पुरत नसतील, तर जॅक थोडा स्वस्तातला घ्यावा, स्टँडमध्ये काटकसर करू नये. गाडी उचलली की लगेच स्टँड सरकवावेत, गाडी त्यांवर टेकवावी, हाताने हलवून पाहावी आणि मगच खाली जावे. स्टँडवरही आंधळा विश्वास नको. २०२० मध्ये अमेरिकेत लाखो जॅक स्टँड परत मागवावे लागले होते. भार हलल्यास त्यांच्या दात्यांची पकड सुटून ते अचानक खाली बसू शकतात, असे आढळले होते. बदली म्हणून दिलेल्यांपैकीही काहींच्या जोडकामात दोष निघाला. म्हणून जाणकार मेकॅनिक काढलेले चाक आडवे करून गाडीच्या कडेखाली सारून ठेवतात. याला पैसा पडत नाही.

दुकानात जाण्यापूर्वी

बुटक्या गाडीसाठी जॅक निवडताना बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो टनांचा. खरे तर तो प्रश्न सोपा आहे. वर केलेल्या हिशेबाप्रमाणे स्पोर्ट्‌स कारची एक बाजू उचलायला दीड टनाचा जॅकही पुरतो. दोन टनांचा घेतला की हातचे राखून काम होते. त्याहून अधिक टनांच्या मागे लागल्यास जॅक उंच, जड होत जातो आणि मूळ अडचण कायम राहते.

खरा प्रश्न उंचीचा. गाडी सपाट जमिनीवर उभी करून, कंपनीच्या माहितीपुस्तकात दाखवलेल्या उचलण्याच्या जागेपासून जमिनीपर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे. टायर बसला की हे अंतर आणखी कमी होते, हे विसरू नये. अनेकांचा जॅक नेमका तेव्हाच आत जात नाही. बुटक्या गाड्यांसाठी म्हणून मिळणाऱ्या जॅकची बशी पूर्ण खाली असताना जमिनीपासून तीन-साडेतीन इंचांवर असते. पण बशीची उंची म्हणजे जॅकची उंची नव्हे. पुढच्या मधल्या भागापासून गाडी उचलायची तर उचलण्याची जागा बंपरपासून बरीच आत असते. तिथवर पोहोचेपर्यंत जॅकचा सांगाडा आणि दांड्याची खोबणी बंपरखालून जायला हवी आणि आत गेल्यावर दांडा वर-खाली करायला जागा उरायला हवी. बशी जाते पण दांडा हलत नाही, असा जॅक काय कामाचा? म्हणून लांब आणि पुढच्या बाजूला पसरट सांगाड्याचा जॅक अशा गाड्यांना सोयीचा. ॲल्युमिनियमचा जॅक उचलायला हलका, पोलादी जड पण रेटून वापरता येणारा. रोज डिकीत घालून न्यायचा नसेल तर पोलादी घ्यायला हरकत नाही. जास्तीत जास्त उंचीही पाहावी. जॅकने गाडी जितकी वर जाईल, त्यापेक्षा स्टँडची किमान उंची कमी हवी, नाहीतर दोन्ही विकत घेऊन एकमेकांना निरुपयोगी ठरतील.

यावर एक स्वस्त उपाय आहे. दीड-दोन इंच जाडीच्या रुंद, भक्कम लाकडी फळ्या चाकांपुढे ठेवून गाडी हळूच त्यांवर चढवावी. तेवढ्या उंचीने नेहमीचा जॅक आत जाऊ लागतो. अर्थात, गाडी चालण्याच्या स्थितीत असेल तरच हे शक्य. पंक्चर झाल्यावर नाही.

भुजेची एक खोड ब्रामाच्या सरळ उभ्या दट्ट्यात नव्हती, ट्रॉली जॅकमध्ये आहे. भुजा वर जाताना बशी सरळ वर जात नाही, कमानीच्या वाटेने मागे सरकते. ही सरक जॅकने स्वतःच्या चाकांवर पुढे जाऊन भरून काढायची असते. म्हणून जॅकखालची जमीन कठीण, सपाट आणि स्वच्छ हवी. खडीवर, मातीवर किंवा उन्हाने मऊ पडलेल्या डांबरावर जॅकची चाके रुततात. मग जॅक सरकण्याऐवजी गाडी ओढली जाते आणि बशीवरून घसरते. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांना असतो. मागची बाजू उचलली की तो असून नसल्यासारखाच. तेव्हा जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी लावल्याशिवाय दांड्याला हात घालू नये.

जॅक घेताना दुकानातच तो भाराखाली चालवून पाहता आला तर उत्तम. थोडा वर घेऊन पाच-दहा मिनिटे तसाच सोडावा. बशी खाली उतरत असेल, तर मॉडस्लीची कडी किंवा ती पोलादी गोळी नीट बसलेली नाही, असे समजावे. दांडा फिरवून तेल सोडताना गाडी हळूहळू खाली आली पाहिजे, धपकन नव्हे. चांगल्या जॅकमध्ये अतिभार झाल्यास तेल परत वळवणारी एक सुरक्षा झडप असते. काही अतिउत्साही लोक तिचा स्क्रू पिळून जॅकची ताकद वाढवतात. ब्रिटानिया पुलाच्या नळकांड्याचे काय झाले, हे त्यांना ठाऊक नसावे. जॅकमध्ये जॅकचेच तेल घालावे. डिकीत पडलेले ब्रेक ऑइल घातल्यास आतल्या रबरी कड्या फुगतात, मऊ पडतात आणि थोड्याच दिवसांत गळू लागतात.

ब्रामाच्या दोन्ही शोधांची पुढे एकाच ठिकाणी गाठ पडली. १८५१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये भरलेल्या महाप्रदर्शनात ब्रिटानिया पुलाचे ते प्रचंड द्रवदाब यंत्र मांडलेले होते आणि लोक ते पाहायला गर्दी करीत. याच प्रदर्शनासाठी अमेरिकेतून आलेल्या आल्फ्रेड हॉब्स नावाच्या कूलूपतज्ज्ञाने पिकॅडिलीच्या खिडकीतले कूलूप उघडण्याचे आव्हान स्वीकारले. सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास खटपट केल्यावर ते उघडले आणि ब्रामाच्या वारसांनी दोनशे गिनी मोजल्या. न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड डजन याने हातात उचलून नेता येईल अशा द्रवदाब जॅकचे पेटंट घेतले, तेही १८५१ मध्येच. सहासात वर्षांनी लंडनच्या किनाऱ्यावर अडून बसलेले ग्रेट ईस्टर्न हे महाकाय जहाज पाण्यात ढकलायला टँजी बंधूंचे द्रवदाब जॅक उपयोगी पडले. ब्रामाचे ते कूलूप आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.